नाताळचा शेजारधर्म

डिसेंबर उजाडला की पुण्याच्या काही भागांचे रूप पालटू लागते. नाना पेठेत, पाच हौदांच्या परिसरात, घोरपडीत आणि लष्कर भागात घरांच्या दारांवर कागदी चांदण्या लटकू लागतात. थंडीच्या संध्याकाळी त्यांतले दिवे लागले म्हणजे दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरलाच नाही, असा भास एखाद्या परगावच्या माणसास व्हावा. तो भास अगदीच खोटा नाही. आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांच्या घरी नाताळात केकच्या जोडीला करंज्या होतात, चकल्या होतात, शंकरपाळे होतात, आणि रुमालाने झाकलेली ताटे शेजारच्या घरांकडे निघतात. दिवाळीत ज्या ताटातून फराळ आमच्याकडे आला होता, तेच ताट पुष्कळदा नाताळात भरून परत जाते. कोणाचे ताट रिकामे परत करू नये, हा आपल्याकडील जुना रिवाज. तो हिंदूंचा की ख्रिस्त्यांचा, असा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही आणि विचारण्याचे कारणही नाही.

या ताटाच्या निमित्ताने, सणाच्या दिवशी, आम्ही एका जुन्या शब्दाचा विचार करू इच्छितो. तो शब्द म्हणजे ‘मिशन’. पुण्यात हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनचा बंगला आणि मिशनची माणसे. शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे एक आवार उभे राहते. त्याला भिंत असते, फाटक असते, आत चिंचेची वा गुलमोहराची झाडे असतात. आतले लोक वेगळे, बाहेरचे वेगळे. वास्तविक या शब्दाचा मूळ अर्थ ‘पाठविले जाणे’ असा आहे. ज्याला पाठविले त्याने घराबाहेर पडावे, दुसऱ्याच्या दारी जावे, हे ओघानेच आले. असे असता पाठविलेल्यांचे आवार कसे झाले, आणि ते आवार ओलांडून आमच्यापैकी काही जण शेजाऱ्याच्या दारापर्यंत कसे पोचले, ही पुण्याच्या ख्रिस्ती जीवनाची खरी कथा आहे. आमचे मत प्रारंभीच सांगून टाकतो. ख्रिस्ती माणसाचे मिशन म्हणजे शेजारधर्म होय; आणि शेजारधर्माची कसोटी आपण शेजाऱ्याला काय देतो यापेक्षा त्याच्याकडून काय घेऊ शकतो, यात अधिक आहे.

हे मत नवे नाही. ज्याचा जन्मोत्सव आज आम्ही साजरा करीत आहोत त्याच्या चरित्रातच ते आहे. बेथलेहेमात त्याच्या मातापित्यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, आणि जगाच्या तारणाऱ्याला गुरांच्या गव्हाणीत निजावे लागले. म्हणजे पृथ्वीवर आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती घेण्याची, तीही परक्याच्या गोठ्यातली. पुढे सुमारे तीस वर्षे तो नासरेथ गावी सुताराच्या घरी राहिला. गावकऱ्यांची नांगर-जोकडे दुरुस्त होताना त्याने पाहिली असतील, स्वतः केलीही असतील. लोकांपुढे उपदेशासाठी तो उभा राहिला तो या दीर्घ शेजारानंतर. उपदेशाची वर्षे थोडी आणि शेजाराची वर्षे पुष्कळ, हे प्रमाण आम्ही ख्रिस्ती माणसे फार लवकर विसरतो.

त्याच्या पुढील आयुष्यातला एक प्रसंग तर महाराष्ट्रातील माणसाला समजावून सांगण्याची गरजच पडू नये. भर दुपारी तो थकून एका विहिरीच्या काठी बसला. पाणी भरावयास एक शोमरोनी स्त्री आली. शोमरोनी लोकांच्या भांड्याला यहुदी माणूस शिवत नसे. येशूने तिला उपदेश करण्यापूर्वी तिच्याकडे प्यावयास पाणी मागितले. ती चकित झाली, आणि तिचे चकित होणे आम्हाला पूर्ण कळते, कारण आमच्या गावोगावच्या पाणवठ्यांवर हाच व्यवहार शतकानुशतके चालत आला. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो याच व्यवहाराविरुद्ध. पाणी देणारा मोठा ठरतो. परंतु ज्याला आपण हलका मानतो त्याच्या हातचे पाणी मागून घेणारा त्या उच्चनीचतेचे मूळच उपटून काढतो. जक्कय नावाच्या, गावाने वाळीत टाकल्यासारख्या जकातदाराला येशूने असेच सांगितले की आज मला तुझ्या घरी उतरावयाचे आहे. त्याने जक्कयाला काही दिले नाही. त्याचा पाहुणचार घेतला, आणि त्या पाहुणचारानेच त्या माणसाचे अंतःकरण पालटले.

आता आपल्या पुण्याकडे वळू. क्वार्टर गेटजवळ नाना पेठेत ‘सिटी चर्च’ म्हणून ओळखले जाणारे देवालय आहे. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडील ख्रिस्ती शिपाई होते. त्यांना उपासनेसाठी जागा हवी होती, आणि सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७९२ मध्ये, ती देण्यात आली. पुण्यातील ख्रिस्ती उपासनेचा पाया असा एका ब्राह्मण राजसत्तेने दिलेल्या जमिनीवर घातला गेला. इंग्रजी राज्याच्या आधाराने आम्ही या शहरात शिरलो, असे अर्धवट माहितीवर म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हे वर्ष सांगावे. आणि ते सांगताना आपणही लक्षात ठेवावे की आमच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर शेजाऱ्याचे ऋण लिहिलेले आहे.

दुसरी गोष्ट जोतीराव फुल्यांची. लहानपणी त्यांचे शिक्षण मध्येच सुटले होते. लोकांच्या बोलण्याने बिथरून वडील गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. मुलाची बुद्धी वाया जात आहे हे पाहून दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली. त्यांतले एक उर्दू-फार्सीचे शिक्षक गफार बेग मुनशी, आणि दुसरे लिजिट साहेब नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले, ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत. पुढे अहमदनगर येथील मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाला नगरच्या फरारबाई आणि पुण्याच्या मिचेलबाई यांचा हातभार लागला. या सर्व साखळीचे पहिले कडे कोणते? एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती, असे दोन शेजारी एका माळ्याच्या दारी जाऊन मुलाबद्दल दोन शब्द बोलले, हे. लिजिट साहेब इतिहासात आले आहेत ते कोणा मिशनचे उपदेशक म्हणून नव्हे. शेजारी म्हणून आले आहेत. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८७३ मध्ये आपला सत्यशोधक समाज काढला. बाप्तिस्म्याच्या वहीत ज्याची नोंद नाही असे हे फळ. पण त्याची गोडी साऱ्या महाराष्ट्राने चाखली.

या दोन गोष्टींनंतर तिसरी सांगावी लागते, आणि ती पुण्याच्या सामाजिक इतिहासात चांगलीच गाजलेली आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पाच हौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. समारंभानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्याला हात लावला, कोणी तसाच ठेवला. गोपाळराव जोशी यांनी ‘पुणेवैभव’ पत्रात उपस्थितांची नावे छापून दिली आणि शहरात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, पंच नेमले गेले, बहिष्कार आणि प्रायश्चित्त यांचा खल कितीतरी दिवस चालला. लोकमान्यांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे आपल्यामुळे स्नेह्यांच्या घरी अडचणी नकोत म्हणून, स्वतःच्या मनाविरुद्ध, प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या प्रकरणातला घरगुती ताप लिहून ठेवला आहे.

हे चहा-प्रकरण आज आपल्याला हास्यास्पद वाटते. आम्हाला मात्र त्यातून एक निराळीच गोष्ट दिसते. त्या दिवशी चहा देणाऱ्या मिशनला काहीच किंमत द्यावी लागली नाही. किंमत दिली ती चहा घेणाऱ्यांनी. जातीचा रोष, नातेवाइकांचे अबोले, श्राद्धाला भटजी न मिळण्याची भीती, हे सारे त्या एका पेल्याबरोबर त्यांनी पत्करले. पाहुणचार करणाऱ्यापेक्षा पाहुणचार स्वीकारणाऱ्याचे धैर्य त्या दिवशी मोठे होते. पाच हौदांचे पवित्र नाम देवालय आणि त्याचा उंच घंटाघराचा मनोरा आजही गुरुवार पेठेत उभा आहे. त्याच्या घंटा नाताळात वाजतात तेव्हा त्या पेल्याची आठवण आम्हाला येते आणि वाटते की, त्या मंडळींच्या घरी जाऊन, ओसरीवर का होईना बसून, त्यांनी दिलेले तांब्याभर पाणी पिण्याची तयारी आमच्या पूर्वजांची किती होती, हा प्रश्नही इतिहासाने विचारावयास हवा.

या प्रश्नाचे उत्तर सर्वस्वी सुखाचे नाही, आणि सणाचा दिवस आहे म्हणून ते टाळणेही बरे नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. विधवांना शिकवून पायावर उभे करणारी ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असा शब्द दिलेला होता. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी त्या शब्दावर सल्लागार मंडळात आपली नावे दिली. बाई स्वतः १८८३ मध्येच इंग्लंडात वाँटेज येथे ख्रिस्ती झाल्या होत्या. त्या आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. ज्या मुलींना येऊन बसावेसे वाटे त्यांना त्या अडवीत नसत. एका बाजूने पाहता हा विवेकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता. दुसऱ्या बाजूने पाहता, ज्या आईबापांनी विश्वासाने लेकी पाठविल्या त्यांना तो विश्वास ढळल्यासारखा वाटला. १८९३ मध्ये वाद विकोपास गेला, सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंचे थोर कार्य पुढे केडगावला मुक्ती सदनात फुलले; दुष्काळात सापडलेल्या शेकडो निराधार मुलीबाळांना तेथे घर मिळाले. पण पुणे शहराच्या मनात त्या वर्षी जी अढी बसली, ती पूर्णपणे गेली असे कोणी म्हणू नये.

आम्ही रमाबाईंचा न्यायनिवाडा करावयास बसलेलो नाही. त्यांच्या पायांची धूळ होण्याचीही आमची योग्यता नाही. परंतु त्या प्रसंगातून आम्हाला शिकावयाचे आहे ते असे की, शेजाऱ्याने टाकलेला विश्वास हीदेखील त्याने आपल्याला दिलेली वस्तू असते, आणि ती उसन्या भांड्यासारखी जपून वापरावी लागते. त्याच शारदा सदनातली दुसरी हकिगत पाहा. तेथे पहिल्याप्रथम दाखल झालेल्या विधवांमध्ये गोदूबाई होत्या. कित्येक वर्षे त्या रमाबाईंच्या छायेत राहिल्या, शिकल्या, आणि हिंदूच राहिल्या. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे ज्या वर्षी शहर शारदा सदनावर तुटून पडले त्याच वर्षी, त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. तीन वर्षांनी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला, आणि महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा वटवृक्ष झाला. गोदूबाईंना, म्हणजे पुढे ज्यांना सारे ‘बाया कर्वे’ म्हणू लागले त्यांना, एका ख्रिस्ती बाईने सांभाळले आणि जशा होत्या तशा सासरी जाऊ दिले. आमच्या दृष्टीने शारदा सदनाचे हे यश इतर कोणत्याही यशाहून कमी नाही.

अविश्वास वाढला की भिंती वाढतात. मिशनची आवारे हळूहळू अशीच बंदिस्त झाली. बाहेरून बहिष्कार होता हे खरे. ख्रिस्ती झालेल्या माणसाला भाड्याने खोली मिळत नसे, विहिरीवर पाणी मिळत नसे, म्हणून आवारात आश्रय देणे भागच होते. पण आश्रयाची सवय झाली. आतल्या माणसाला बाहेरचा शेजारी उरला नाही. उरले ते शाळेतले विद्यार्थी, दवाखान्यातले रोगी आणि रस्त्यावरचे श्रोते. विद्यार्थी, रोगी आणि श्रोते या तिघांचेही हात नेहमी पुढे पसरलेले असतात. ज्याच्यापुढे हात पसरायचा तो मोठा, आणि पसरणारा लहान. अशा नात्याला सेवा म्हणता येईल. शेजार म्हणता येणार नाही.

ही भिंत ज्यांनी ओलांडली त्यांनी ती काही मागून, काही घेऊन ओलांडली, हे पाहण्यासारखे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, ते आपला अभंग, आपले कीर्तन, आपला टाळ सोडून झाले नाहीत. वारकऱ्यांनी शतकानुशतके घासूनपुसून लख्ख केलेले ते भांडे त्यांनी मागून घेतले आणि त्यात आपल्या प्रभूची भक्ती भरली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकाच पंगतीत जागा होती. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त आपल्या मनातला सोवळेपणा कसा गळून पडला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय कसा झाला, ते लिहिले आहे. मोठमोठ्या धर्मसभांतल्या ठरावांपेक्षा तो निश्चय आम्हाला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो स्वयंपाकघरात झालेला आहे.

परदेशातून आलेल्यांतही अशी माणसे होती. पुण्यात राहणारे स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकल यांनी मराठी संतांचे एकशे आठ अभंग इंग्रजीत नेले. ते पुस्तक १९१९ साली निघाले. जस्टिन अॅबट यांनी महाराष्ट्राच्या संतकवींची ग्रंथमालाच इंग्रजीत आणण्याचे व्रत घेतले. शिकवावयास आलेली ही माणसे तुकोबांपाशी शिकावयास बसली. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये नगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ स्थापिला आणि पुढे तो पुण्यात शिवाजीनगरला आला. तेथे इंग्रज आणि मराठी तरुण खादी नेसून, जमिनीवर मांडी घालून, एकाच पंक्तीला जेवत. ज्या काळी साहेबाच्या बंगल्यात ‘नेटिव्ह’ माणसाने कोठवर यावे याची रेघ आखलेली असे, त्या काळी ती पंगत हाच एक उपदेश होता. आमच्याहून थोड्याच आधीच्या पिढीत मॅथ्यू लेडर्ले या जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी भारताचे नागरिकत्व घेतले. शनिवार पेठेत, ऐन पेशवाई पुण्यात, ‘स्नेहसदन’ उभे राहिले ते त्यांच्यामुळे. महाराष्ट्रातील आधुनिक विचारवंतांचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यावर ग्रंथ लिहिला. आवारात न राहता पेठेत राहावे, आणि पेठेकडून शिकावे, एवढेच त्यांच्या मिशनचे सूत्र म्हणता येईल.

इतिहासातील मोठ्या नावांनी दिपून जाऊ नये म्हणून येथे एक घरगुती गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचे बिऱ्हाड पेठेतल्या एका जुन्या वाड्यात होते. शेजारच्या खोल्यांत एक वृद्ध आजी राहत. सोवळेओवळे कडक, स्वभाव प्रेमळ. दर नाताळात आमच्याकडून फराळाचे ताट त्यांच्याकडे जाई, आणि त्या ते हसून ठेवून घेत. त्यातले सारे पदार्थ त्यांच्या मोलकरणीच्या मुलांकडे जातात, हे आम्हाला ठाऊक झाले होते. वाईट वाटे; आणि खरे सांगायचे तर, वाईट वाटण्याच्या आत कोठेतरी थोडा अभिमानही असे. आम्ही देणारे होतो, आम्ही उदार होतो, संकुचित त्या होत्या.

मग आमचे वडील वारले. दफनविधी आटोपून कबरस्तानातून परतावयास दुपार टळली. घरात चूल पेटलेली नव्हती आणि ती पेटविण्याचे कोणाच्या मनातही नव्हते. दारात आजी उभ्या होत्या. एका हातात पिठल्याचे पातेले, दुसऱ्या हातात भाताचे. त्यांनी स्वतः पाने मांडली, वाढले, आणि आईच्या पाठीवरून हात फिरवीत, दोन घास खा, असा आग्रह केला. सारा वाडा तेरा दिवस आळीपाळीने आमच्याकडे जेवण आणून देत होता. आमच्यात सुतक नसते, तेरा दिवसही नसतात. पण ते सांगण्याचे कोणाला सुचले नाही, आणि न सांगितले हेच बरे झाले. इतकी वर्षे ज्या घराला आम्ही ताटे पाठवीत आलो त्या घरातला घास आम्ही त्या दिवशी प्रथम खाल्ला. पुढच्या नाताळात नेहमीप्रमाणे ताट गेले. दोन दिवसांनी ते भरून परत आले, आणि ताट देता देता आजी आईला म्हणाल्या, “यंदा करंजीत वेलदोडा कमी पडला हो.”

त्या वाक्याचा आनंद आमच्या घरी कित्येक दिवस पुरला. आजींनी करंजी खाल्ली होती, हे त्याचे एक कारण. त्यांनी ती खाल्ली ती आमच्या दातृत्वाला भुलून नव्हे, आम्ही त्यांचे पिठले खाल्ल्यानंतर, हे दुसरे कारण. आम्ही घेणारे झालो तेव्हाच खरे शेजारी झालो.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील, याची आम्हास कल्पना आहे. आमच्याच मंडळीतले काही बंधू म्हणतील की, हे सारे गोड आहे, पण यात सुवार्ता कोठे आहे? शेजाऱ्याचे पिठले खाणे यालाच मिशन म्हणावयाचे तर उपदेशकाची गरज काय? त्यांना आमचे नम्र उत्तर असे की, आपल्या श्रद्धेविषयी बोलू नये असे आम्ही म्हणत नाही. आजींनी आम्हाला एकादशीचे माहात्म्य सांगितले, आम्ही त्यांना नाताळचे सांगितले. दोघांनीही ते ऐकून घेतले. शेजारी एकमेकांशी बोलणारच. मात्र ज्या स्नेहाचा हिशेब शेवटी माणसे मोजून मांडावयाचा असतो, तो स्नेह नसतो. शेजाऱ्याला त्याचा वास लगेच लागतो, आणि मग आपली खरी मायाही त्याला आमिष वाटू लागते.

दुसरा आक्षेप येतो तो शेजाऱ्यांकडून. ख्रिस्ती माणसाच्या सेवेमागे धर्मांतराचा हेतू असणारच, ही शंका आज पुष्कळांच्या मनात आहे, आणि अलीकडे ती उघडपणे, कधी धमकीच्या स्वरातही, बोलली जाते. लोभ दाखवून वा धाक घालून कोणाचा धर्म पालटणे हे पाप आहे, हे आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो. परंतु प्रत्येक केकच्या तुकड्यात आमिष पाहणाऱ्यांना आमचा प्रश्न असा की, तुमच्या दिवाळीच्या फराळात आम्ही काय पाहावे? पिढ्यान्पिढ्या तो आम्ही निःशंक मनाने खात आलो. तीच निःशंकता परत मागण्याचा हक्क शेजारी या नात्याने आम्हाला नाही काय? २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना देऊन मराठी समाजाने आपल्या मनाचा मोठेपणा दाखविला. त्या निवडीस विरोधही झाला. पण सन्मान टिकला. तो मोठेपणा मांडवात दिसला तसाच जिन्यातही दिसावा, एवढीच आमची अपेक्षा.

जिना म्हटला, कारण आजचे पुणे वाड्यांचे राहिलेले नाही. वाड्याचा चौक गेला, सामाईक नळ गेला, आणि सामाईक नळावरची भांडणे व सलोखेही त्याबरोबर गेले. इमारतीच्या फाटकावर रखवालदार नाव लिहून घेतो. समोरच्या दारावरची पाटी वर्षभर वाचूनही आतला माणूस कसा दिसतो हे ठाऊक नसते. २०२० च्या मार्च महिन्यात महाराष्ट्रातले पहिले करोनाचे रुग्ण याच शहरात आढळले, आणि पुढे दारे आणखी घट्ट मिटली. पण त्याच दिवसांत मिटलेल्या दारांसमोर जेवणाचे डबे ठेवून, घंटी वाजवून, मागे सरणारी माणसेही आपण पाहिली. डबा हिंदूच्या घरचा की मुसलमानाच्या की ख्रिस्त्याच्या, हे तापाने फणफणलेल्या माणसाने विचारले नाही. ती वेळ गेली. पण तेव्हा झालेली ओळख कितीशी टिकली, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

आमच्या समाजानेही काही गोष्टी मनास विचारावयाच्या आहेत. देवालयात एकाच भाकरीचे वाटेकरी होणारे आम्ही, सोयरीक जुळविताना मात्र पूर्वीची जात हळूच विचारून घेतो की नाही? इंग्रजी उपासनेला जाणारे आणि मराठी उपासनेला जाणारे एकमेकांना ओळखतात काय? आमच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या खोलीवर, तिने दिलेला चहा पिण्यासाठी, आमच्यापैकी किती जण गेले आहेत? १८९० सालच्या पुण्याला हसण्यापूर्वी आपला पेला आपण कोणाकोणाच्या घरचा टाळतो, हे पाहिले पाहिजे.

म्हणून या नाताळात आमची आपल्या बांधवांस विनंती अशी. ताटे पाठवाच, करंजीत वेलदोडा सढळ हाताने घाला. पण त्याबरोबर एखादी गोष्ट शेजाऱ्याकडे मागावयासही जा. विरजण संपले असेल तर मागा, मुलाच्या गणिताला मदत मागा, म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसण्यास सांगा, पुण्यातल्या एखाद्या जुन्या गल्लीची हकिगत विचारा. मागितल्याने माणूस लहान होत नाही. ज्याच्याकडे मागितले त्याला आपण शेजारी मानतो, एवढेच त्यातून त्याला कळते. आणि आमच्या इतरधर्मीय वाचकांस विनंती अशी की, चांदणी लावलेल्या एखाद्या दाराची घंटी या आठवड्यात जरूर वाजवावी. आत बसावे, चहा घ्यावा. त्या चहासाठी आता कोणाला प्रायश्चित्त घ्यावे लागणार नाही.

बेथलेहेमच्या गोठ्यात त्या रात्री जो आला, तो जागा मागत आला होता. ती जागा ज्या कोणी दिली त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. पण त्याच्या त्या शेजारधर्मामुळे आम्हाला आजचा सण मिळाला. सर्व पुणेकरांना नाताळच्या शुभेच्छा!